गोली उशिरा पिकतो

घरात नऊ-दहा वर्षांचं पोर "मला गोलीच व्हायचंय" म्हणून हटून बसलं असेल, तर महिनाभर काहीच ठरवू नका. आइस हॉकीतल्या गोलरक्षकाला इकडे कॅनडात सगळे 'गोली' म्हणतात आणि आपली मुलंही मराठीत बोलताना तोच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच वापरते. आमच्या मुलाने हा हट्ट धरला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता एकोणीस वर्षांचा आहे, ज्युनियरमध्ये खेळतो, आणि त्याचं पुढे काय होणार हे अजूनही कुणी सांगू शकत नाही. मधल्या दहा वर्षांत पहाटे पाच वाजता रिंकच्या गारठलेल्या बाकांवर बसून जे समजलं, ते सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर आमच्या बऱ्याच चुका टळल्या असत्या. ते इथे लिहिते आहे.

आधी एक आकडा समजून घ्या. एनएचएलमध्ये 32 टीम आहेत आणि प्रत्येक टीम साधारण दोन गोली बाळगते. म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर एकूण 64 जागा. फॉरवर्डला कोच चौथ्या फळीत आठ मिनिटं खेळवून बघू शकतो. गोलीला तसं बघता येत नाही, कारण बर्फावर एका वेळी एकच उभा असतो आणि तो चांगला खेळत असेल तर कुणी त्याला हलवत नाही. हा आकडा मुलाला ऐकवण्यासाठी नाही. तो तुमच्यासाठी आहे, कारण पैसे, शाळा आणि वेळ यांचे निर्णय तुम्ही घेणार आहात.

आता याहून महत्त्वाचं. गोली उशिरा पिकतो. फॉरवर्ड अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एनएचएल गाजवू शकतो, गोलीला बहुधा तेवीस-चोवीस तरी उजाडतात. कॉनर हेलेबक मिशिगनचा मुलगा. शाळेच्या टीममधून तो थेट टेक्सासमधल्या ओडेसाला कमी नावाजलेल्या ज्युनियर लीगमध्ये गेला. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलच्या टीम तरुण खेळाडू निवडतात तेव्हा, त्याचा नंबर लागला 130 वा. मग मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल विद्यापीठात दोन वर्षं, मग खालची लीग. याच मुलाने 2025 साली एनएचएलच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक घेतला. पुढे गाजलेल्या हेन्रिक लुंडक्विस्टला 2000 साली 205 व्या क्रमांकावर उचललं होतं. सर्गेई बोब्रोव्हस्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. लोगन थॉम्पसनलाही नाही. तो ज्युनियर संपल्यावर ब्रॉक विद्यापीठात गेला, तिथून ईसीएचएल या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, आणि मग एनएचएलमध्ये पोचला. टिम थॉमस फिनलंड, स्वीडन आणि अमेरिकेतल्या खालच्या लीग फिरत राहिला. एनएचएलमध्ये त्याचे पाय रोवले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि 2011 मध्ये बॉस्टनला एनएचएल विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकून देताना सदतीसचा.

उलट बाजूही बघा. गोलीला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेण्याचे प्रसंग आजवर तीनच आले: 1968 मध्ये मिशेल प्लास, 2000 मध्ये रिक डिपिएत्रो, 2003 मध्ये मार्क-आंद्रे फ्लुरी. फ्लुरीची कारकीर्द लांब आणि सुंदर झाली. डिपिएत्रोशी त्याच्या टीमने 2006 साली पंधरा वर्षांचा करार केला, पण दुखापतींनी तो पुरा होऊ दिला नाही. तरबेज माणसांनाही अठरा वर्षांच्या गोलीचं भविष्य सांगता येत नाही. मग तेरा वर्षांच्या मुलाबद्दल एखादा प्रशिक्षक छातीठोकपणे काही सांगत असेल, चांगलं किंवा वाईट, तर ते ऐकून घ्या आणि सोडून द्या.

उशीर का लागतो, हे समजलं की धीर धरणं सोपं जातं. पक म्हणजे तीन इंच रुंद, एक इंच जाड, साधारण 170 ग्रॅम वजनाची रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. निळ्या रेषेवरून ताशी 160 किलोमीटर वेगाने मारलेला शॉट अर्ध्या सेकंदाच्या आत गोलवर येतो, आणि तोही बहुतेक वेळा चार माणसांच्या पायांतून. अशा वेळी गोलीने पक बघून हालचाल करायची म्हटली तर उशीर झालेला असतो. त्याला मारणाऱ्याचे मनगट, काठीच्या पात्याचा कोन आणि दुसऱ्या बाजूला मोकळा उभा असलेला खेळाडू, हे सगळं शॉट सुटण्याआधी वाचावं लागतं. हे वाचन क्लासला घालून येत नाही. हजारो शॉट झेलता झेलता येतं, आणि त्याला वर्षं लागतात. त्यात पंधराव्या वर्षी उंची एकदम वाढते आणि हातपाय मुलाचं ऐकेनासे होतात. त्या एका हंगामात आमचा मुलगा आदल्या वर्षीपेक्षा वाईट खेळला. आम्ही घाबरलो होतो. घाबरायचं कारण नव्हतं.

सुरुवात करताना मुलाला लगेच कायमचा गोली करू नका. हॉकी कॅनडाचं धोरणही लहान वयात सगळ्यांना आळीपाळीने गोलात उभं करण्याचं आहे, आणि ते शहाणपणाचं आहे. गोलाबाहेर खेळल्याने दोन गोष्टी मिळतात: पाय बर्फावर पक्के होतात आणि मारणारा काय विचार करतो ते कळतं. टीममध्ये सगळ्यात उत्तम स्केटर गोली असायला हवा, असं इथले कोच म्हणतात ते खरंच आहे. प्रेक्षकाला गोली एका जागी उभा दिसतो, पण तो सतत एका पायाच्या कडेवर ढकलून दुसऱ्या पायावर थांबत असतो, आणि तेही वेळेत आणि पकच्या बरोबर समोर. मुलावर खर्च करायला मर्यादित पैसे असतील तर महागड्या गोली-शिबिराआधी स्केटिंगच्या प्रशिक्षकावर करा.

सामानाचं सांगते. गोलीचा पूर्ण सेट मोठ्या मापात काही हजार डॉलरांच्या घरात जातो. लहान वयोगटात बऱ्याच असोसिएशन पॅड, छातीचं कवच, ब्लॉकर आणि ग्लव्ह हंगामापुरते उसने देतात; लाज न बाळगता विचारा. आम्ही विचारलं नाही, आणि दुसरी चूक त्याहून मोठी केली. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तसे आम्ही पॅड वाढत्या अंगाचे घेतले. दोन वर्षं चालतील, पैसे वाचतील, असा हिशोब. पॅडच्या आतल्या बाजूला गुडघा टेकायला एक उशी असते. पॅड लांब असला की गुडघा त्या उशीवर न टेकता खाली घसरतो, पॅड फिरत नाही, आणि पोरगं बसताना एका कुशीवर कलतं. आमचा मुलगा कलंडू नये म्हणून पाठ मागे टाकून बसायला शिकला. ती सवय मोडायला पुढचा अख्खा हंगाम गेला. पॅड नडगीच्या नाही, गुडघ्याच्या मापाने घ्यायचा असतो. दुकानात मुलाला स्केट घालून उभं करा, पॅड बांधायला लावा आणि जमिनीवर गुडघे टेकून बसायला सांगा. वापरलेले पण मापाचे पॅड नव्या मोठ्या पॅडपेक्षा केव्हाही चांगले.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत अशा दोन वस्तू आहेत: मास्क आणि गळ्याचं संरक्षण. जॅक प्लांतने 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये तोंडावर शॉट बसून टाके पडल्यावर मास्क घालूनच परत खेळायचा आग्रह धरला, तेव्हा कुठे मास्कचा रिवाज सुरू झाला. त्याचा कोच राजी नव्हता. 1989 मध्ये बफेलोचा गोली क्लिंट मालारचुकच्या गळ्याची शीर स्केटच्या पात्याने कापली गेली आणि तो केवळ ट्रेनरच्या प्रसंगावधानामुळे वाचला. मुलगा "गळ्याला टोचतं, गरम होतं" म्हणेल. ऐकू नका.

आता कमरेच्या सांध्याबद्दल, आणि हा भाग कृपा करून नीट वाचा. आजचे जवळजवळ सगळे गोली बटरफ्लाय पद्धतीने खेळतात: गुडघे एकत्र खाली, पावलं दोन्ही बाजूंना बाहेर, म्हणजे खालची जागा बंद. पॅट्रिक रॉय आणि त्याचे कोच फ्रान्स्वा अलेअर यांच्यामुळे ही पद्धत सगळीकडे पसरली. ती परिणामकारक आहे, पण मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळवून पुन्हा पुन्हा आपटत राहणं सांध्याला मानवत नाही. हाडं वाढत असतात त्या वयात, साधारण बारा ते सोळा, जास्त भार पडला तर मांडीच्या हाडाच्या मानेवर जास्तीचं हाड वाढतं आणि मग ते सांध्याच्या कडेला घासत राहतं. तरुण वयात खुब्याची शस्त्रक्रिया झालेले गोली या खेळात दुर्मीळ नाहीत. जो खेळाडू पंचविशीत पिकणार, त्याचा खुबा सतराव्या वर्षी झिजवून काय मिळवायचं?

म्हणून वर्षाचे बारा महिने गोलात उभं करू नका. उन्हाळ्यात किमान दोन महिने पॅड गराजमध्ये ठेवा. बेसबॉल, फुटबॉल, बॅडमिंटन, पोहणं, जे आवडेल ते खेळू द्या. जांघेत दुखतं असं मूल म्हणालं तर "ताण दे, मोकळं होईल" म्हणू नका, खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. मुलं दुखणं लपवतात, कारण दुसरा गोली जागा घेईल ही भीती त्यांना असते. गाडीतून उतरताना मूल आधी कुठला पाय टाकतं, जिना कसं चढतं, हे बघत चला.

टीम निवडताना मोठं नाव बघू नका, किती सामने खेळायला मिळणार ते बघा. आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत एकच चूक झालेली पाहिली आहे. मुलगा नामांकित ट्रिपल-ए टीममध्ये निवडला गेला म्हणून सगळे खूश, आणि हंगामभर तो दरवाजा उघडायला बाकावर. एक पायरी खालच्या टीममध्ये त्याने दर आठवड्याला तीस-पस्तीस शॉट झेलले असते. दुबळ्या बचावामागे खेळणारा गोली सामने हरतो, पण शिकतो. ट्रायआउटच्या आधीच कोचला स्पष्ट विचारा: दोन गोलींमध्ये सामने कसे वाटणार, सरावात गोलीसाठी वेगळा वेळ आहे का, गोलीचा कोच आठवड्यातून किती वेळा येतो. बऱ्याच टीममध्ये सराव म्हणजे वीस मुलांनी एका गोलीला झोडपणं. त्याने शॉट मारणारे सुधारतात, गोलीला फार काही मिळत नाही.

सामन्यानंतर गाडीतल्या तासाबद्दल एकच नियम आम्ही पाळतो आणि तो मुलानेच घालून दिला. सात गोल खाऊन तो मागच्या सीटवर बसला होता आणि मी तिसऱ्या गोलाबद्दल काहीतरी बोलायला लागले. तो म्हणाला, "आई, तो गोल मला दिसला होता. तुला दिसला ते माहीत आहे. पोळीचा रोल आहे का?" तेव्हापासून गाडीत फक्त खाणं.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाटा फुटतात. ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूबेकची लीग या ज्युनियर लीग मिळून सीएचएल बनते. तिथे सोळा ते वीस वयाची मुलं जवळपास व्यावसायिक वेळापत्रकाने खेळतात, आणि खेळलेल्या हंगामांच्या बदल्यात विद्यापीठाच्या फीची सोय असते. दुसरी वाट अमेरिकन विद्यापीठांची, म्हणजे एनसीएए. वर्षानुवर्षं नियम असा होता की सीएचएलमध्ये खेळलात की एनसीएएचं दार बंद. त्यामुळे सोळाव्या वर्षीच कुटुंबांना एक वाट कायमची सोडावी लागे. तो नियम बदलला आहे: 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएलमधून आलेली मुलं एनसीएएत खेळू शकतात. चार वर्षांपूर्वी ज्यांची मुलं या टप्प्यातून गेली त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण नियम स्वतः तपासा. याचा दुसरा परिणामही लक्षात घ्या. विद्यापीठांना आता वीस-एकवीस वर्षांचे तयार गोली जास्त मिळतात, त्यामुळे अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर ज्युनियरमध्ये आणखी दोन वर्षं घालवणं ही नामुष्की राहिलेली नाही, तो नेहमीचा रस्ता आहे. नातेवाईक "अजून कॉलेज नाही?" विचारतील. त्यांना हे सांगा.

माझं मत विचाराल तर गोलीसाठी विद्यापीठाची वाट बरी. तिथे सामने कमी, सराव जास्त, व्यायामशाळेत वेळ मिळतो आणि हातात पदवी येते. उशिरा पिकणाऱ्या फळाला आढी लावायला ती जागा चांगली.

मुलींच्या वाटेला अलीकडेच बळ आलंय. 1992 मध्ये मॅनन रेओमने टॅम्पा बेकडून एनएचएलचा हंगामपूर्व सामना खेळला, त्याचं अप्रूप अनेक वर्षं टिकलं, कारण स्त्रियांना पुढे जायला पुरेशी व्यावसायिक जागा नव्हती. जानेवारी 2024 मध्ये पीडब्ल्यूएचएल ही स्त्रियांची व्यावसायिक लीग सहा टीम घेऊन सुरू झाली. 1 जानेवारीच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कच्या कोरिन श्रोडरने टोरांटोला एकही गोल करू दिला नाही. 2025-26 च्या हंगामात तिथे आठ टीम झाल्या. पहिल्या हंगामात किमान पगार 35,000 अमेरिकन डॉलर होता, म्हणजे घर चालवताना ओढाताण होईल असा. मुलीसाठी विद्यापीठाची वाट जवळपास अटळ आहे आणि ती शिष्यवृत्तीसकट मिळू शकते. मुलीच्या गोली होण्यावर पैसे खर्च करताना ज्यांचा हात आखडतो, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

करार हातात आला तरी दिवस लगेच पालटत नाहीत. एनएचएल टीमशी पहिला करार बहुधा दुहेरी असतो: वर खेळलात तर एक पगार, खालच्या एएचएलमध्ये खेळलात तर त्याहून कितीतरी कमी. एनएचएलचा किमान पगार 2025-26 मध्ये 7,75,000 डॉलर होता. बातम्यांत असेच आकडे दिसतात. पण तरुण गोलीची पहिली दोन-तीन वर्षं एएचएल आणि ईसीएचएलमध्ये जातात. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याच्या हिशोबाने मिळतो, राहायला टीमने दिलेली खोली, आणि रात्र रात्र बसचा प्रवास. वर कुणाच्या मांडीचा स्नायू ताणला की सकाळी फोन येतो, दुपारी विमान, संध्याकाळी बाकावर बसायचं, आणि चार दिवसांनी परत. जॉर्डन बिनिंग्टन 2018 च्या शरद ऋतूत सेंट लुईसच्या गोलींच्या रांगेत बराच मागे होता. आदल्या हंगामात तर त्याला दुसऱ्या संस्थेच्या एएचएल टीमकडे उसना दिलेला होता. जून 2019 मध्ये त्याच्या हातात स्टॅनले कप होता. एजंट निवडताना खेळाडू संघटनेचं प्रमाणपत्र बघा, आणि गोली सांभाळल्याचा अनुभव आहे का ते विचारा.

निवड करणारे लोक गोलीकडे काय बघतात, ते बसून बघण्यासारखं आहे. गोल झाला, समोरचे आनंदाने मिठ्या मारतायत. त्या वीस सेकंदांत गोलीकडे बघा. आमचा मुलगा मास्क वर सरकवतो, जाळ्याच्या वर ठेवलेली पाण्याची बाटली घेतो, तोंडावर एक फवारा मारतो, एकच घोट पितो. बाटली पुन्हा त्याच जागी. मग डाव्या खांबाला काठी टेकवतो, उजव्या खांबाला टेकवतो, दोन छोट्या सरकण्या, आणि खाली वाकून पुढच्या पकची वाट. हे त्याने तेराव्या वर्षी ठरवून बसवलं. आधी तो काठी आपटायचा. हा क्रम शिकवता येतो, आणि तो लवकर शिकवा.

पण असा क्रम म्हणजे मन ठीक असल्याची हमी नाही. रॉबिन लेनरने 2018 मध्ये स्वतःचं व्यसन आणि बायपोलर आजार यांबद्दल उघडपणे लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्याला जिद्दीचा मास्टरटन करंडक मिळाला. कॅरी प्राइससारख्या गोलीनेही 2021 मध्ये खेळ थांबवून मदत घेतली. बर्फावर गोली एकटा असतो, बाकावर दुसरा गोली एकटा असतो. मूल झोपत नसेल, सामन्याच्या दिवशी सकाळी उलट्या होत असतील, तर समुपदेशकाकडे जा. त्याला 'मनाने कच्चा' म्हणू नका, आणि आजी-आजोबांनाही म्हणू देऊ नका.

आणि शेवटी, खेळ थांबेल तेव्हाचं. टोरांटोचा केव्हिन वीक्स, बार्बाडोसहून आलेल्या आईबापांचा मुलगा, एनएचएलमध्ये अकरा हंगाम खेळला आणि मग दूरचित्रवाणीवर या खेळाचा ओळखीचा चेहरा झाला. कुणी गोलीचे कोच होतात, कुणी खेळाडू हेरण्याचं काम करतात. डेव्हिड एअर्स यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: फेब्रुवारी 2020 मध्ये कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले, तेव्हा टोरांटोच्या रिंकवर काम करणारे, बेचाळीस वर्षांचे हे राखीव गोली उतरले. पहिले दोन शॉट आत गेले. नंतरचे आठ अडवले, आणि कॅरोलायनाची टीम 6-3 ने जिंकली. त्यांना 2004 साली मूत्रपिंड बसवलेलं होतं, आईने दिलेलं.

माझ्या मुलाचं काय होईल मला माहीत नाही. एवढं मात्र पाहिलंय की इथल्या कुठल्याही गावात रात्री दहा वाजता हौशी मंडळी बर्फ भाड्याने घेतात, वीस माणसं सहज जमतात, आणि गोली मिळत नसतो. फोनाफोनी चालू असते. कुणी पॅड घेऊन आलाच, तर त्याच्याकडून पैसे घेत नाहीत.